ऑस्ट्रेलियात दिवाळखोरीचा अर्ज करताना: सरकारी खाते काय करते, आणि आपण काय लपवू नये

ऑस्ट्रेलियात कर्ज हाताबाहेर गेले की आपल्या मंडळींमध्ये दोन टोके दिसतात. काही जण कोणाला कळू नये म्हणून एका क्रेडिट कार्डातून उचलून दुसऱ्याचे हप्ते भरत राहतात. काही जण कुठेतरी जाहिरात वाचतात, 'तीन वर्षांत पाटी कोरी' असा समज करून घेतात आणि एका संध्याकाळी ऑनलाइन फॉर्म भरून मोकळे होतात. पहिल्या प्रकारात व्याज वाढते. दुसऱ्या प्रकारात गावाकडची जमीन, लॉकरमधले सोने आणि मित्राला गुपचूप परत केलेले पाच हजार डॉलर यांचा हिशेब नंतर द्यावा लागतो, आणि तेव्हा तो जास्त महाग पडतो.

इथली वैयक्तिक दिवाळखोरी १९६६ च्या बँकरप्सी ॲक्टखाली चालते. कायदा केंद्राचा असल्यामुळे मेलबर्नमध्ये राहा की पर्थमध्ये, नियम सारखेच. तो राबवणारे खाते म्हणजे ऑस्ट्रेलियन फायनान्शियल सिक्युरिटी ऑथॉरिटी, सगळे जण ज्याला ॲफ्सा म्हणतात. २०१३ पर्यंत याचे नाव इन्सॉल्व्हन्सी अँड ट्रस्टी सर्व्हिस ऑस्ट्रेलिया होते, त्यामुळे जुन्या कागदांवर 'इट्सा' दिसले तर गोंधळू नका.

या लेखातला नियमांचा भाग सर्वांसाठी आहे. भारतातली मालमत्ता, घरचे दागिने, आईवडिलांना पाठवायचे पैसे यांवर मात्र मी मुद्दाम जास्त लिहिले आहे, कारण इंग्रजी माहितीपत्रकात 'परदेशातील मालमत्ता' एवढ्या दोन शब्दांत हे सगळे आटोपलेले असते. हा कायदेशीर सल्ला नव्हे. तुमच्या प्रकरणात घर, धंदा किंवा कंपनी असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय सही करू नका.

एकाच खात्यातल्या चार खुर्च्या

ॲफ्साकडून पत्र आले की पहिल्यांदा बघायचे ते हे की, पत्र कोणत्या खुर्चीवरून आले आहे.

पहिली खुर्ची ऑफिशियल रिसीव्हरची. हे दप्तर आहे. दिवाळखोरीचा अर्ज इथे तपासला जातो, स्वीकारला किंवा नाकारला जातो. धनकोला, म्हणजे ज्याचे पैसे तुमच्याकडे येणे आहेत त्याला, तुमच्यावर बँकरप्सी नोटीस काढायची असेल तर तीही इथूनच निघते. नॅशनल पर्सनल इन्सॉल्व्हन्सी इंडेक्स ही राष्ट्रीय नोंदवहीही ॲफ्साच सांभाळते.

दुसरी खुर्ची ऑफिशियल ट्रस्टीची. तुम्ही दिवाळखोर ठरलात की तुमची वाटपयोग्य मालमत्ता कायद्याने ट्रस्टीच्या नावे होते. ट्रस्टी ती विकतो, पैसे गोळा करतो, धनकोंमध्ये वाटतो. हे काम खासगी नोंदणीकृत ट्रस्टीही करतात. तुम्ही कोणाला निवडून त्याची लेखी संमती आणली नाही, तर प्रकरण आपोआप ऑफिशियल ट्रस्टीकडे जाते. फारशी मालमत्ता नसलेल्या पगारदार माणसाचे प्रकरण बहुधा तिथेच राहते.

तिसरी खुर्ची इन्स्पेक्टर-जनरल इन बँकरप्सी यांची. हे पद ॲफ्साचे मुख्य कार्यकारी सांभाळतात. ट्रस्टींवर देखरेख ठेवणे आणि त्यांच्या काही निर्णयांचा फेरविचार करणे हे इथले काम. चौथी खुर्ची तपास विभागाची: मालमत्ता लपवली, खोटी माहिती दिली असे दिसले तर पुरावे गोळा होतात आणि प्रकरण केंद्राच्या सरकारी अभियोक्त्यांकडे जाऊ शकते.

या चौघांपैकी तुमचा वकील कोणीही नाही. फोनवरची व्यक्ती कितीही सौजन्याने बोलली तरी ट्रस्टीची बांधिलकी कायद्याशी आणि धनकोंना मिळायच्या रकमेशी असते. ती तुमच्या विरुद्ध आहे असेही नाही. तिला तुमच्याकडून हवी असते ती पूर्ण माहिती, आणि 'दिवाळखोरी घेऊ का?' या प्रश्नाचे उत्तर ती देणार नाही. त्यासाठी दुसरीकडे जावे लागते.

फॉर्मआधी एक फोन

नॅशनल डेट हेल्पलाइनचा क्रमांक १८०० ००७ ००७. सल्ला मोफत, समुपदेशक कोणत्याही बँकेचे नाहीत. इंग्रजीत पैशांबद्दल बोलणे अवघड वाटत असेल तर १३१ ४५० या सरकारी दुभाषी सेवेवर आधी फोन करून मराठी दुभाषी मागा आणि त्यांनाच हेल्पलाइनला जोडून द्यायला सांगा. नवऱ्याच्या कर्जाबद्दल बायकोला, किंवा सासूबाईंच्या कर्जाबद्दल सुनेला दुभाषी म्हणून बसवू नका. अर्धी माहिती तिथेच गळते.

समुपदेशक पहिल्यांदा दिवाळखोरी टाळता येते का ते बघतो. बँकेकडे आर्थिक अडचणीचा अर्ज करून हप्ता कमी करणे किंवा काही महिने थांबवणे हा मार्ग खूप लोकांना माहीतच नसतो. कर खात्याशीही हप्ते बांधता येतात.

इथेच एक इशारा. 'तुमचे कर्ज आम्ही मिटवतो' म्हणणाऱ्या कंपन्या समाजमाध्यमांवर भरपूर आहेत. काही जण आधी फी घेतात आणि मग जो मोफत फॉर्म तुम्ही स्वतः भरू शकला असता तोच भरून देतात. काही जण त्याहून वाईट सल्ला देतात: घर बायकोच्या नावावर करा, पैसे भावाकडे वळवा, मग अर्ज करू. फॉर्मवर सही तुमची असते, सल्लागाराची नव्हे. दिवाळखोरीच्या अर्जाला ॲफ्सा फी घेत नाही.

२१ दिवसांची उसंत, आणि तिची किंमत

वसुलीवाले दारात उभे असतील, पगारातून कपात सुरू होणार असेल, तर टेम्पररी डेट प्रोटेक्शनचा अर्ज करता येतो. तो ॲफ्साकडेच होतो आणि मंजूर झाला तर २१ दिवस बिनतारणी धनको वसुलीची कारवाई पुढे नेऊ शकत नाहीत. विचार करायला, समुपदेशकाला भेटायला, कागद गोळा करायला ही मुदत आहे.

पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. घराच्या किंवा गाडीच्या तारणावर दिलेल्या कर्जाला हे संरक्षण लागू नाही. दुसरे म्हणजे हा अर्ज करणे हेच कायद्याच्या भाषेत 'दिवाळखोरीचे कृत्य' ठरते. नंतर तुम्ही काहीच केले नाही, तर एखादा धनको त्याच आधारावर कोर्टात जाऊन तुम्हाला दिवाळखोर ठरवण्याची मागणी करू शकतो. त्यामुळे 'बघू तरी' म्हणून हा अर्ज करू नये.

मधला मार्ग: डेट ॲग्रीमेंट

कर्ज, मालमत्ता आणि उत्पन्न ठरावीक मर्यादेच्या आत असेल तर डेट ॲग्रीमेंटचा प्रस्ताव देता येतो. तुम्ही परवडेल एवढी रक्कम हप्त्याने देण्याचे कबूल करता, धनको मतदान करतात आणि रकमेच्या हिशेबाने बहुमत झाले तर तो सगळ्यांवर बंधनकारक होतो. मुदत साधारण तीन वर्षे, राहते घर स्वतःचे असेल तर पाच. मर्यादेचे आकडे वेळोवेळी बदलतात, ते ॲफ्साच्या संकेतस्थळावर त्या दिवशीचे बघा. याहून मोठ्या प्रकरणांसाठी पर्सनल इन्सॉल्व्हन्सी ॲग्रीमेंट असते, पण ते खर्चिक आहे आणि नोकरदार कुटुंबाला क्वचितच लागते.

माझे मत विचाराल तर, नियमित पगार आहे आणि वाचवण्यासारखे घर आहे अशा माणसाने डेट ॲग्रीमेंटचा विचार करावा. ज्याच्याकडे ना घर, ना शिल्लक, त्याने फीचा हप्ता डोक्यावर घेऊन तीन वर्षे ओढाताण करण्यापेक्षा दिवाळखोरीचा हिशेब आधी मांडून बघावा. कमिशनवर काम करणारा दलाल तुम्हाला हे सांगणार नाही.

कोणते कर्ज सुटते, कोणते नाही

फॉर्म भरण्याआधी कागदावर दोन रकाने करा. सुटणाऱ्या रकान्यात क्रेडिट कार्ड, वैयक्तिक कर्ज, थकलेली वीज-फोनची बिले, डॉक्टरांची बिले, बहुतेक कर थकबाकी. न सुटणाऱ्या रकान्यात कोर्टाने ठोठावलेले दंड, मुलांच्या पोटगीची रक्कम, विद्यापीठाचे हेक्स किंवा हेल्प कर्ज, फसवणुकीतून झालेली देणी आणि दिवाळखोरीच्या तारखेनंतर केलेले नवे कर्ज. तारण असलेले कर्ज या दोन्हींच्या मध्ये येते: हप्ता थकला तर सावकार घर किंवा गाडी उचलू शकतो, विकून जी तूट उरेल ती दिवाळखोरीत धरली जाते.

संयुक्त कर्जात मोकळे होता ते फक्त तुम्ही. नवराबायकोने मिळून घेतलेल्या कर्जात एकाने दिवाळखोरी घेतली की दुसऱ्याकडे पूर्ण रकमेची मागणी येते. जामीनदाराचेही तेच.

शिक्षणासाठी भारतातल्या बँकेकडून घेतलेल्या कर्जाचा इथे खास विचार करा. ते फॉर्ममध्ये लिहायचेच. पण वडील सहकर्जदार असतील, नाशिकचे घर किंवा गावची जमीन तारण असेल, तर ऑस्ट्रेलियातल्या दिवाळखोरीने वडिलांची जबाबदारी हलत नाही आणि तारणही सुटत नाही. बँक भारतात भारतातल्या कायद्याने पुढे जाईल. ज्या कर्जामुळे रात्री झोप लागत नाही ते हेच असेल, तर अर्जाचा मुख्य हेतूच फसतो. आधी त्या बँकेशी बोला.

फॉर्म: इथे घाई नको

अर्ज ॲफ्साच्या ऑनलाइन सेवेतून भरता येतो. नागरिकत्वाची अट नाही. तुम्ही ऑस्ट्रेलियात असाल, इथे राहत असाल किंवा इथे धंदा करत असाल तर पुरते, म्हणजे विद्यार्थी किंवा कामाच्या व्हिसावरचाही माणूस अर्ज करू शकतो. व्हिसावर किंवा पुढच्या स्थलांतर अर्जावर काय परिणाम होईल हे ॲफ्सा सांगणार नाही. तो प्रश्न नोंदणीकृत मायग्रेशन एजंटचा. नर्सिंग, वकिली, हिशेबनीस, सुरक्षा अशा परवान्यांवर चालणाऱ्या नोकरीत असाल तर परवाना देणाऱ्या संस्थेचे नियमही आधी वाचा. कंपनीचा संचालक मात्र दिवाळखोरीच्या काळात राहता येत नाही.

फॉर्मबरोबर सक्तीचे माहितीपत्रक वाचल्याची सही घेतात. ते खरोखर वाचा.

आता मालमत्तेचा रकाना. कायद्यातली मालमत्तेची व्याख्या ऑस्ट्रेलियाबाहेरच्या मालमत्तेलाही लागू होते. त्यामुळे पुण्यातला फ्लॅट, त्यावर कर्ज असले तरी, लिहायचा. एनआरओ खाते (अनिवासी भारतीयाचे भारतातले रुपयांचे खाते), मुदत ठेवी, डिमॅट, पोस्टातली बचत लिहायची. इथले सुपरॲन्युएशन, म्हणजे निवृत्तीसाठीची बचत, साधारणपणे सुरक्षित असते म्हणून भारतातला पीपीएफही सुरक्षित असे गृहीत धरू नका. स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या आयुर्विम्याला कायद्याने संरक्षण आहे, तरी एलआयसीच्या पॉलिसीची नोंद करायचीच. काय सुरक्षित आणि काय वाटपाचे हे ठरवण्याचे काम ट्रस्टीचे, लिहिण्याचे काम तुमचे.

वडिलोपार्जित जमिनीवर सगळ्यात जास्त गोंधळ होतो. 'सातबारा बाबांच्या नावावर आहे, माझा काय संबंध?' हा युक्तिवाद अर्धवट आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाचा हक्क जन्माने येतो, आणि २००५ च्या हिंदू वारसा दुरुस्तीनंतर मुलीचाही. लग्न होऊन पंधरा वर्षे सिडनीत असलेल्या बाईला आपल्या सांगलीच्या दीड एकरात हिस्सा आहे हे कित्येकदा आठवतही नाही. जमीन वडिलांनी स्वतः घेतलेली असेल तर त्यांच्या हयातीत तुमचा हक्क नाही. वडिलोपार्जित असेल तर हिस्सा आहे. कोणत्या प्रकारची आहे, किती हिस्सेदार आहेत, वाटप झाले आहे का, वाद चालू आहे का, हे चार ओळींत लिहा आणि सातबारा, आठ-अ, फेरफार यांच्या प्रती भावाकडून मागवून ठेवा. ऑस्ट्रेलियातला आदेश महाराष्ट्रातल्या जमिनीवर आपोआप चालत नाही, आणि छोट्या तुकड्यातला पाचवा हिस्सा विकायला लागणारा खर्च बघून ट्रस्टी तो नाद सोडूनही देऊ शकतो. पण हे त्याने ठरवायचे. माहिती देणे आणि सहकार्य करणे हे तुमचे बंधन इथे लागू आहे, आणि लपवणे हा गुन्हा आहे.

मग 'आधी हक्कसोड करून टाकतो' हा सल्ला येतो, बहुधा व्हॉट्सॲपवर. दिवाळखोरीच्या आधीच्या पाच वर्षांत फुकट किंवा कमी किमतीत दिलेल्या मालमत्तेचा व्यवहार ट्रस्टी रद्दबातल ठरवू शकतो. तुम्ही त्या वेळी देणी भागवण्याच्या स्थितीत होतात हे दाखवता आले तर ही मुदत कमी होते: नातेवाइकाच्या बाबतीत चार वर्षे, इतरांच्या बाबतीत दोन. धनकोंना चुकवण्याचाच मुख्य हेतू होता असे दिसले तर मागे जाण्याला कालमर्यादाच नाही. बहिणीने रीतीप्रमाणे भावाला हक्कसोड दिली असेल, मनात काही नसेल, तरी ती फॉर्ममध्ये सांगायची.

सोन्याचेही असेच. दिवाळखोरी एका व्यक्तीची असते. नवऱ्याने अर्ज केला तर बायकोचे स्त्रीधन त्याची मालमत्ता होत नाही, पण ते तिचे आहे हे दाखवावे लागू शकते: लग्नातले फोटो, माहेरच्या सराफाची पावती, विम्याची यादी. बायकोनेच अर्ज केला असेल तर तिचे दागिने तिची मालमत्ता. मंगळसूत्राला भावनिक मोल आहे म्हणून ते आपोआप वगळले जात नाही. मौल्यवान दागिन्यांबद्दल ट्रस्टी विचारणारच. घरातले नेहमीचे फर्निचर, भांडी, कपडे, फ्रिज यांना कोणी हात लावत नाही. गाडी आणि धंद्याची हत्यारे ठरावीक किमतीपर्यंत सुरक्षित असतात, ती किंमत वेळोवेळी बदलते.

मित्रांची उसनवारी. पाचसहा मराठी कुटुंबांत भिशी चालते, अडीनडीला हजार-दोन हजार डॉलर फिरतात, कागद कुठेच नसतो. भिशीत तुम्ही भरलेले पण अजून न उचललेले पैसे हे तुमचे येणे आहे. उचलून झाले असेल आणि हप्ते राहिले असतील तर ते देणे आहे. दोन्ही लिहा. आणि 'बँकेचे बुडाले तर बुडाले, पण जोशीकाकांचे परत करू' हा भलेपणा काकांनाच गोत्यात आणतो. अर्जाच्या आधीच्या सहा महिन्यांत एका धनकोला इतरांपेक्षा झुकते माप दिले तर ट्रस्टी ती रक्कम त्या धनकोकडून परत मागू शकतो. काकांना आधीच खरे सांगा, त्यांचे नाव यादीत लिहा आणि वाटपात जे येईल ते त्यांना मिळू द्या.

अर्ज पाठवल्यावर

ऑफिशियल रिसीव्हर फॉर्म पूर्ण आहे का ते बघतो. उणीव असेल तर परत येतो. नकारही मिळू शकतो: वाजवी मुदतीत देणी फेडता येतील असे दिसते, आणि त्याचबरोबर फेडायची इच्छा नाही किंवा स्वतःच्या अर्जाने आधी तीनदा किंवा गेल्या पाच वर्षांत एकदा तरी दिवाळखोरी घेतलेली आहे, तर.

फॉर्म स्वीकारला की त्या तारखेपासून तीन वर्षे आणि एक दिवस मोजायचे. तुमचे नाव राष्ट्रीय नोंदवहीत कायमचे जाते. ही नोंदवही फी भरून कोणीही शोधू शकतो. बँकांना कळवले जाते, संयुक्त खात्यावरही काही दिवस अडथळा येऊ शकतो, म्हणून त्या आठवड्याचे भाडे आणि किराणा यांची सोय आधी करून ठेवा. बिनतारणी धनकोंची वसुली थांबते. तरीही एखाद्या वसुली एजन्सीचा फोन आलाच तर वाद घालू नका, प्रकरण क्रमांक आणि ट्रस्टीचे नाव सांगा.

धनकोने ढकललेली दिवाळखोरी

हा रस्ता वेगळा आणि जास्त धोक्याचा. धनकोकडे कोर्टाचा निवाडा असेल आणि रक्कम किमान १०,००० डॉलर असेल तर तो ऑफिशियल रिसीव्हरकडून बँकरप्सी नोटीस काढून घेतो. नोटीस मिळाल्यापासून २१ दिवसांत पैसे भरा, तडजोड करा किंवा नोटिशीला कोर्टात आव्हान द्या. ते केले नाही तर धनको फेडरल कोर्टात किंवा फेडरल सर्किट अँड फॅमिली कोर्टात अर्ज करतो आणि आदेश निघाला की तुम्ही दिवाळखोर.

या प्रकारात तीन वर्षांची मोजणी आदेशाच्या तारखेपासून सुरू होत नाही, तुम्ही मालमत्ता-देण्यांचे विवरण ॲफ्साकडे दाखल केल्यावर सुरू होते. आदेश कळल्यापासून १४ दिवसांत ते भरायचे असते. रागाने किंवा लाजेने पाकीटच न उघडणारा माणूस पाचसात वर्षांनीही दिवाळखोरच असतो, कारण त्याचे घड्याळ सुरूच झालेले नसते. इतक्या उशिरा का होईना, फॉर्म भरावा.

पगारातून किती जाते

करानंतरचे वार्षिक उत्पन्न एका मर्यादेपेक्षा जास्त असेल तर वरच्या रकमेचा निम्मा भाग ट्रस्टीला द्यावा लागतो. मूळ मर्यादा वर्षातून दोनदा, मार्च आणि सप्टेंबरमध्ये, बदलते. अवलंबून असलेल्या व्यक्तींप्रमाणे ती वाढते: एकासाठी १८ टक्के, दोघांसाठी २७, तिघांसाठी ३२, चौघांसाठी ३४, त्याहून जास्त असतील तर ३६.

हिशेब कसा होतो हे दाखवण्यापुरता एक गोल आकडा घेऊ. मूळ मर्यादा ७०,००० डॉलर आहे आणि घरात एक मूल अवलंबून आहे असे समजा. मर्यादा १८ टक्क्यांनी वाढून ८२,६०० झाली. करानंतर हातात ९०,६०० येतात. जास्तीचे ८,०००, त्याचे निम्मे ४,०००, म्हणजे महिन्याला साधारण ३३३ डॉलर.

आता आपल्याकडची अडचण. कायद्याच्या लेखी अवलंबून व्यक्ती म्हणजे तुमच्याबरोबर राहणारी आणि स्वतःचे उत्पन्न अगदी कमी असलेली व्यक्ती. साताऱ्यात राहणारे आईवडील दरमहा तुमच्या पैशांवर जगत असले तरी ते या मोजणीत धरले जात नाहीत, आणि त्यांना पाठवलेली रक्कम उत्पन्नातून वजाही होत नाही. अडचणीच्या कारणास्तव मर्यादा वाढवून मागता येते, पण कायद्यातली कारणे मोजकी आहेत: आजारपणाचा सततचा खर्च, पाळणाघर, कामावर जाण्याचा मोठा खर्च, भाड्याच्या घराचा न टाळता येणारा खर्च, पूर्वी कमावणाऱ्या जोडीदाराचे उत्पन्न थांबणे. म्हणून भारतात पाठवायची रक्कम हप्ता वजा करून उरलेल्यातून बसते का, हे अर्जाआधी घरात स्पष्ट बोलून घ्या. पुण्याच्या फ्लॅटचे भाडे येत असेल तर तेही उत्पन्नात धरतात.

घर

राहत्या घरातला तुमचा हिस्सा ट्रस्टीकडे जातो. कर्ज वजा जाता काही उरत असेल तर तो विकला जाऊ शकतो. सहमालक, बहुतेक वेळा जोडीदार, तो हिस्सा बाजारभावाने विकत घेण्याचा प्रस्ताव देऊ शकतो, आणि ट्रस्टीला जाहीर लिलावापेक्षा हे सोयीचे असते.

आज घरात काही उरत नाही म्हणून ट्रस्टीने हात लावला नाही, तर ते घर सुटले असे नाही. उघड केलेल्या मालमत्तेवर दिवाळखोरी संपल्यानंतरही सहा वर्षे ट्रस्टीचा हक्क राहू शकतो आणि ही मुदत तो वाढवूही शकतो. मधल्या काळात घराची किंमत वाढली तर वाढीव किमतीतला तुमचा भाग धनकोंचा. त्यामुळे किंमत कमी असतानाच जोडीदाराने हिस्सा घेण्याची बोलणी करावीत.

भारतवारी

दिवाळखोरीच्या काळात देश सोडायचा तर ट्रस्टीची लेखी परवानगी लागते. परवानगीशिवाय जाणे गुन्हा आहे. ट्रस्टी पासपोर्टही मागू शकतो. अर्जात तारखा, कारण, परतीचे तिकीट आणि मुख्य म्हणजे प्रवासाचा खर्च कोण करत आहे ते सांगावे लागते. पगारातला हप्ता थकलेला असताना दिवाळीला घरी जायची परवानगी मिळेल अशी आशा ठेवू नका.

वय झालेले आईवडील भारतात असतील तर ट्रस्टीला पहिल्याच पत्रात तसे कळवा, आणीबाणीत कोणाशी आणि कसा संपर्क करायचा ते विचारून ठेवा. रात्री अडीचला फोन येतो तेव्हा फॉर्म शोधत बसायला नको.

आणि एक कटू पण लागणारी गोष्ट. दिवाळखोरीच्या काळात वडील वारले तर वारसाने येणारा हिस्सा ट्रस्टीकडे जातो. वारसनोंद दोन वर्षांनी झाली, पैसे दिवाळखोरी संपल्यावर आले, तरी हक्क ज्या दिवशी निर्माण झाला तो दिवस धरतात. तेराव्यानंतर तलाठ्याकडे जाऊन भावाच्या नावे हक्कसोड करून देऊ नका. जो हक्क तुमच्या हातात उरलेलाच नाही तो तुम्हाला सोडता येत नाही. ट्रस्टीला कळवा.

निर्णय पटला नाही तर

आधी ट्रस्टीला लेखी कारण विचारा. पगारातल्या हप्त्याची आकारणी चुकली असे वाटले, किंवा ट्रस्टीने मुदत वाढवण्यासाठी हरकत नोंदवली, तर ६० दिवसांत इन्स्पेक्टर-जनरलकडे फेरविचार मागता येतो. तिथेही समाधान झाले नाही तर पुढे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह रिव्ह्यू ट्रिब्युनल आहे. एकाच खात्यातली तिसरी खुर्ची दुसरीविरुद्ध निर्णय देईल का, ही शंका रास्त आहे. पण फेरविचार मागायला खर्च नाही आणि कारणे लेखी मिळतात, ती पुढे उपयोगी पडतात.

ट्रस्टीची हरकत हलकी घेऊ नका. माहिती दडवली, हप्ता भरला नाही, परवानगीशिवाय परदेशी गेले, पत्रांना उत्तर दिले नाही अशा कारणांनी तीन वर्षांची दिवाळखोरी पाच किंवा आठ वर्षांची होऊ शकते. या कारणांमधली बहुतेक साध्या ईमेलने टळणारी असतात. पत्ता बदलला तरी कळवा.

शेवटचा टप्पा

हरकत नसेल तर तीन वर्षे आणि एक दिवस झाल्यावर सुटका आपोआप होते, वेगळा अर्ज लागत नाही. त्याआधी सगळी देणी आणि खर्च फेडले, किंवा धनकोंनी तुमचा तडजोडीचा प्रस्ताव मतदानाने मान्य केला, तर दिवाळखोरी रद्द होऊ शकते. भारतातली जमीन विकून नातेवाईक एकरकमी मदत करायला तयार असतील तर हा मार्ग ट्रस्टीशी जरूर बोला.

सुटकेनंतर क्रेडिट अहवालातली नोंद दिवाळखोरीच्या तारखेपासून पाच वर्षे किंवा सुटकेपासून दोन वर्षे, यातले जे उशिरा असेल तोवर राहते. ती मुदत संपल्यावर क्रेडिट अहवाल देणाऱ्या संस्थांकडून मोफत प्रत मागवा. नोंद तशीच असेल तर लेखी दुरुस्ती मागायची. थकलेला पगार-हप्ता सुटकेने माफ होत नाही. आणि कोणती मालमत्ता अजून ट्रस्टीच्या नावावर आहे, कधीपर्यंत, हे ट्रस्टीकडून लेखी घ्या. सातबाऱ्यावर तुमचे नाव असेल तर त्या पत्राची एक प्रत गावाकडे भावाकडेही द्या.